आरोपी सुटल्याचे पीडिताला कळवायचे कोणी?

प्रति,
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन
मा. संचालक, अभियोग संचालनालय, महाराष्ट्र राज्य
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण

विषय: निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा पीडिताचा हक्क मुदतीत बजावता यावा, म्हणून निकालाच्या दिवशीच लेखी सूचना आणि निकालाची मोफत प्रत देण्याबाबत.

महोदय, महोदया,

फौजदारी खटल्याचा निकाल वाचला जातो तेव्हा न्यायालयात सरकारी वकील असतात, आरोपीचे वकील असतात, पैरवीचा पोलीस असतो आणि सहसा आरोपीही असतो. ज्याच्यावर गुन्हा घडला तो माणूस तिथे असलाच पाहिजे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. साक्षीदार म्हणून तो कधीतरी येऊन गेलेला असतो. सरतपास झाला, उलटतपास झाला, भत्त्याच्या कागदावर सही झाली, की न्यायालयाकडून त्याला पुन्हा बोलावणे येत नाही. खटल्याचे नाव ‘राज्य विरुद्ध आरोपी’ असते. त्यात त्याचे नाव पक्षकार म्हणून नसते, त्यामुळे पुढच्या तारखा त्याला कोणी कळवत नाही. आरोपी सुटल्याची बातमी त्याला बाजारात कळते, नाहीतर आरोपीच गावात परत दिसतो तेव्हा कळते. तोवर अपिलाच्या मुदतीतले बरेच दिवस सरलेले असतात.

आमची मागणी एका वाक्यात सांगता येईल. आरोपी सुटला, पूर्ण किंवा अंशतः, की त्याच दिवशी पीडिताला एक पानी लेखी सूचना आणि निकालाची मोफत प्रत मिळाली पाहिजे. यासाठी संसदेकडे जावे लागत नाही. परिपत्रके आणि उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेतील थोडा बदल एवढ्याने हे होईल. परिपत्रके आपल्या हातात आहेत, आणि नियमपुस्तिकेतील बदलाचा प्रस्ताव उच्च न्यायालयाकडे आपणच पाठवू शकता.

कायदा कुठे उभा आहे ते आधी मांडतो. कारण हा हक्क म्हणजे न्यायालयाची किंवा सरकारची मेहेरबानी आहे, असे अनेक कार्यालयांत अजूनही मानले जाते. ३१ डिसेंबर २००९ पर्यंत पीडिताला अपिलाचा स्वतंत्र हक्क नव्हता. सरकारने अपील केले तर केले, नाहीतर त्याच्यासाठी विषय संपला. फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणा सुचवणाऱ्या मलिमठ समितीने २००३ मध्ये हा हक्क देण्याची शिफारस केली होती. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ ला परंतुक, म्हणजे मूळ नियमाला अपवाद करणारी तरतूद, जोडले गेले आणि ते ३१ डिसेंबर २००९ रोजी अंमलात आले. तेच परंतुक आता त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. त्यानुसार पीडित तीन कारणांसाठी अपील करू शकतो: आरोपी निर्दोष सुटला, आरोपीला कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरले, किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली. शिक्षा कमी झाली, हे कारण त्यात नाही. समितीच्या शिफारशीत ते होते, कायद्यात आले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात ते स्पष्ट केले. शिक्षा वाढवून मागायची तर सरकारने कलम ४१८ खाली अपील करायचे असते. पीडिताला हा फरक पहिल्याच दिवशी समजला पाहिजे, नाहीतर भलत्याच अपिलात महिने वाया जातात.

परवानगीचा प्रश्नही मिटलेला आहे. सरकारला निर्दोष मुक्ततेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करताना न्यायालयाची अनुमती लागते. पीडितालाही ती लागते का, यावर बरीच वर्षे वाद होता. मल्लिकार्जुन कोडगली विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात १२ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की पीडिताला अनुमतीची गरज नाही. त्या प्रकरणातला गुन्हा फेब्रुवारी २००९ चा होता, म्हणजे परंतुक येण्याआधीचा, आणि निकाल २०१३ चा. तरीही अपील चालेल, कारण हक्क निकालाच्या तारखेला जन्मतो, गुन्ह्याच्या नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. २०२५ मध्ये खेम सिंह प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. अपील करणारा पीडित वारला तर त्याचे वारस ते अपील पुढे चालवू शकतात, आणि दोषी ठरलेल्या आरोपीचा अपिलाचा हक्क जितका पक्का तितकाच पीडिताचाही, असे त्यात म्हटले आहे.

हक्क जर समान पातळीवर आहेत, तर निकालानंतरची वागणूक पाहा. आरोपीला कैदेची शिक्षा झाली तर कलम ४०४ प्रमाणे निकालाची प्रत त्याला लगेच आणि विनामूल्य दिली जाते. फाशीची शिक्षा झाली तर अपील किती दिवसांत करायचे हे न्यायालयाने त्याला सांगायचे असते. हे योग्यच आहे, यात एक शब्दही कमी होऊ नये. पण आरोपी सुटला तर त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमाखाली पीडित म्हणजे ‘निकालाने बाधित झालेली कोणीही व्यक्ती’. त्याने स्वतः अर्ज करायचा, शुल्क भरायचे आणि प्रतीक्षा करायची. न्यायालयाला विशेष कारण वाटले तर प्रत मोफत देता येते, अशी सोय तिथेच आहे. ती मागता येते हेच लोकांना ठाऊक नसते, त्यामुळे ती क्वचितच वापरली जाते. नव्या संहितेच्या कलम १९३ ने तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन पोलिसांवर घातले. म्हणजे तपास कुठवर आला हे कळवायचे, पण खटल्याचे शेवटी काय झाले हे कळवायचे नाही. ही फट भरा, एवढेच आम्ही मागतो आहोत.

निकाल शक्यतो सात दिवसांत संकेतस्थळावर टाकावा असे कलम ३९२ सांगते, तेव्हा वेगळी सूचना कशाला, असे कोणी म्हणेल. संकेतस्थळावर निकाल शोधायला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो, किंवा न्यायालय, खटल्याचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष माहीत असावे लागते. पीडिताकडे असतो तो पोलीस ठाण्याचा गुन्हा नोंद क्रमांक, आणि न्यायालयातला खटला क्रमांक त्याहून वेगळा असतो. पीडितांनी साक्षीच्या दिवशीच समन्सवरून किंवा लिपिकाकडून सीएनआर क्रमांक लिहून घ्यावा. पण ही अक्कल ज्याला वकील आहे त्याला येते. दोषारोपपत्राची प्रतही कलम २३० प्रमाणे पीडिताला मिळते ती त्याच्या बाजूने वकील उभा असेल तरच. ज्याला वकील नाही त्याच्या हाती खटल्यातला एकही कागद नसतो, आणि अपिलाची मुदत मात्र त्याच्यावरही धावत असते.

मुदतीचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण सर्वांत जास्त अपिले इथे अडखळतात. कलम ४१३ च्या परंतुकात दिवसांचा आकडा नाही. मुदतीच्या कायद्यात, १९६३ च्या, सरकारच्या निर्दोष मुक्ततेविरुद्धच्या अपिलाला ९० दिवस आहेत. दोषी ठरलेल्याच्या अपिलाला उच्च न्यायालयात ६० आणि इतर न्यायालयांत ३० दिवस आहेत, फाशी झाली असेल तर ३०. पीडिताचे अपील यातल्या कोणत्या खणात बसते यावर एकवाक्यता नाही. म्हणून सावधपणे काम करणारा वकील सत्र न्यायालयातल्या अपिलाला ३० आणि उच्च न्यायालयातल्या अपिलाला ६० दिवस धरून चालतो. नव्वद दिवस आहेत या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे. उशीर झालाच तर मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात प्रत्येक दिवसाचे कारण द्यावे लागते, आरोपीला नोटीस जाते, त्याचे म्हणणे येते, आणि मूळ अपिलाला हात लागण्याआधीच वर्ष निघून जाऊ शकते. ‘निकाल लागल्याचे मला कळलेच नाही’ हे खरे कारण असते. पण ते सिद्ध कसे करायचे? कळवले गेले नाही याचा पुरावा कुठल्याच दप्तरात नसतो. सूचना देण्याची आणि पोच घेण्याची पद्धत बसली तर हा वाद उरणारच नाही: पोच असेल तर मुदत त्या दिवसापासून मोजा म्हणावे, नसेल तर विलंबाचे कारण दप्तरातच दिसते.

नकलेचा हिशेबही लोक चुकवतात. प्रमाणित प्रत मिळवायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. नकलेच्या मागे तीन तारखा असतात: अर्जाची, प्रत तयार झाल्याची आणि प्रत दिल्याची. वजा होतो तो पहिल्या दोन तारखांमधला काळ. निकाल १ जूनचा, अर्ज १० जूनचा, प्रत तयार २५ जूनला आणि नेली १५ जुलैला, तर १० ते २५ जून हे सोळा दिवस वजा होतात. २६ जून ते १५ जुलै हे वीस दिवस पीडिताच्या मुदतीतून जातात, कारण प्रत तयार असूनही त्याने ती नेली नाही. आणि ती तयार आहे हे त्याला कोणी कळवलेले नसते. नक्कल विभागाने तयार झाल्याचा संदेश मोबाइलवर पाठवावा, ही मागणी यातूनच येते. शिवाय फक्त निकालाची प्रत घेऊन भागत नाही. साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, वैद्यकीय प्रमाणपत्रे, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, ज्या ज्या निशाण्यांवर, म्हणजे पुराव्यात क्रमांक दिलेल्या कागदांवर, निकाल उभा आहे त्या सगळ्या हव्यात. पीडित पहिल्यांदा निकालाचीच नक्कल मागतो, मग वकील बाकीचे कागद मागतो, आणि दुसऱ्या अर्जाचा वेळ वजा होईल की नाही हा नवा वाद सुरू होतो. पहिल्याच अर्जात सगळे मागावे.

हे कागद का लागतात ते अपिलाच्या स्वरूपात आहे. निर्दोष मुक्ततेविरुद्धचे अपील दोषसिद्धीविरुद्धच्या अपिलापेक्षा जड असते. अपील न्यायालयाला पुरावा पुन्हा तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य (२००७) या निर्णयाने सांगितल्याप्रमाणे आरोपीच्या निर्दोषत्वाचे गृहीतक सुटकेने आणखी पक्के झालेले असते, आणि पुराव्यातून दोन निष्कर्ष रास्तपणे निघू शकत असतील तर खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष सहसा बदलला जात नाही. म्हणून ‘न्यायाधीशांनी अन्याय केला’ अशा वाक्यांनी भरलेला अपिलाचा मेमो, म्हणजे अपिलाची कारणे मांडणारा अर्ज, पहिल्या सुनावणीतच कोसळतो. टिकतो तो मेमो जो दाखवून देतो की अमुक साक्षीदाराच्या सरतपासातल्या अमुक परिच्छेदातली गोष्ट उलटतपासात कुणी हलवलीच नाही, तरी निकालात तिचा उल्लेख नाही. किंवा जखमेच्या प्रमाणपत्रातली जागा निकालात चुकीची लिहिली गेली आहे. किंवा फितूर झालेल्या साक्षीदाराचा मान्य केलेला भागही सरसकट टाकून दिला आहे. असा मेमो निकालपत्रावरून लिहिता येत नाही, जबाबांवरूनच लिहिता येतो. दाखल करून घेताना न्यायालय थोडक्यात फेटाळूही शकते, म्हणून पहिलाच मसुदा चांगला लागतो. सुधारू नंतर, हे इथे चालत नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. प्रत्येक निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील व्हावे असे आमचे म्हणणे नाही. अनेक निकाल बरोबर असतात. पुरावा नसताना शिक्षा न देणे हेच न्यायालयाचे काम आहे, आणि सुटलेल्या माणसाला वर्षानुवर्षे अपिलात अडकवून ठेवणे हाही छळ होऊ शकतो. पण अपील करण्यासारखे नाही हे पीडिताला कुणीतरी कागद वाचून, त्याच्या भाषेत, कारणांसह सांगितले पाहिजे. ते ऐकण्याची संधी मिळणे आणि मुदत टळून दार बंद होणे या फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आता अभियोग संचालनालयाकडे येतो. कलम २० च्या पोटकलम ७ प्रमाणे दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या, जन्मठेपेच्या आणि फाशीच्या गुन्ह्यांवर देखरेख ठेवणे आणि अपिलाबाबत अभिप्राय देणे हे संचालकांचे काम आहे. निकालानंतर सरकारी वकिलाचा अभिप्राय वर जातो. दंडाधिकाऱ्याने दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यात सोडले असेल तर सत्र न्यायालयात अपिलाचा निर्देश जिल्हादंडाधिकाऱ्याने द्यायचा असतो, सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध शासनाने. या प्रवासात फाइल कुठे आहे हे पीडिताला कळत नाही. त्याला तोंडी एवढेच ऐकवले जाते की ‘सरकार अपिलात जाणार आहे, तुम्ही काळजी करू नका.’ तो थांबतो. साठ दिवस जातात. मग कधीतरी कळते की अपील करण्याजोगे प्रकरण नाही असा निर्णय झाला होता. आमच्या अनुभवात सद्‌भावनेने उच्चारलेल्या या एका वाक्याने जितकी अपिले बुडतात तितकी दुसऱ्या कशानेही बुडत नाहीत. पीडिताचे अपील सरकारच्या अपिलावर अवलंबून नाही. दोन्ही झाली तर एकत्र ऐकली जातात, कोणाचे नुकसान होत नाही. म्हणून संचालनालयाने दोन गोष्टी कराव्यात: असे तोंडी आश्वासन देऊ नये अशी सरकारी वकिलांना लेखी सूचना द्यावी, आणि अपील करायचे की नाही हा निर्णय, नकारार्थी असला तरी, पीडिताला निकालापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत कळवावा. नकार लवकर कळला तर उरलेले पंधरा दिवस कामाचे असतात.

आणखी दोन मुदती निकालाबरोबरच सुरू होतात आणि त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. पहिली मुद्देमालाची. कलम ४९८ प्रमाणे मुद्देमालाच्या विल्हेवाटीचा आदेश दोन महिने अंमलात आणायचा नसतो, अपील दाखल झाले तर ते निकाली निघेपर्यंत नाही. जनावरे, नाशवंत वस्तू आणि बंधपत्रावर दिलेल्या वस्तू याला अपवाद. म्हणजे तिसऱ्या महिन्यात विलंब माफीसह अपील आले तर तोवर रक्ताचे कपडे, हत्यार, मोबाइल नष्ट झालेले असू शकतात. पुढे फेरखटल्याचा किंवा जादा पुराव्याचा आदेश झाला तरी दाखवायला वस्तू उरत नाही. पीडिताने अपील करायचे ठरवले की त्याच आठवड्यात खालच्या न्यायालयात मुद्देमाल राखून ठेवण्याचा साधा अर्ज द्यावा आणि अपिलाचा क्रमांक मिळताच तो कळवावा. दुसरी मुदत बंधपत्राची. वरच्या न्यायालयाने नोटीस काढल्यास हजर राहीन, असे बंधपत्र आरोपीकडून कलम ४८१ खाली घेतले जाते आणि ते सहा महिने लागू असते. अपील उशिरा झाले, नोटीस त्याहून उशिरा निघाली, तर जामीनदार मोकळा झालेला असतो, पत्ता बदललेला असतो, आणि बजावणी न होताच नोटीस परत येत राहते. अपील वर्षानुवर्षे ‘आरोपीला नोटीस’ या टप्प्यावर पडून राहण्याचे हे एक साधे कारण आहे.

न्यायालय कोणते, यातही चुका होतात. दोषसिद्धीविरुद्ध अपील जिथे गेले असते तिथेच पीडिताचे अपील जाते. दंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात, सत्र किंवा पॉक्सोच्या विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यांत कलम १४-अ प्रमाणे अपील उच्च न्यायालयात जाते आणि तिथे ९० दिवस स्पष्ट लिहिलेले आहेत. धनादेश न वटल्याच्या तक्रारीत आरोपी सुटला तर तक्रारदारही पीडितच आहे आणि तो अनुमतीशिवाय अपील करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सेलेस्टियम फायनान्शियल प्रकरणात ठरवले. त्यामुळे दंडाधिकारी न्यायालयातल्या अशा निकालाचे अपील घरच्या जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयात करता येते. आरोपीला आरोप ठेवण्याआधीच वगळले असेल तर ती निर्दोष मुक्तता नव्हे. तिथे अपील नाही, पुनरीक्षण, म्हणजे आदेश कायद्याला धरून आहे का हे वरच्या न्यायालयाकडून तपासून घेणे, करावे लागते. उलट निर्दोष मुक्ततेविरुद्ध पुनरीक्षण करा असा सल्ला मिळाला तर तो घेऊ नये. अपिलाचा हक्क असताना तो न वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून पुनरीक्षण चालत नाही, आणि पुनरीक्षणात उच्च न्यायालय निर्दोष मुक्ततेचे रूपांतर दोषसिद्धीत करू शकत नाही. जुन्या संहितेखाली चाललेल्या खटल्यांचे निकाल अजूनही लागत आहेत. त्यांच्या अपिलाच्या शीर्षकात कलम ३७२ आणि कलम ४१३ दोन्ही लिहावीत, म्हणजे नोंदणी विभागात कलमाच्या आकड्यावरून हरकत निघत नाही.

लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांना अपील करायला आणखी एक भीती अडवते: नाव बाहेर येण्याची. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट सांगितले आहे की कलम ३७२ खाली अपील करताना पीडितेने आपली ओळख उघड करण्याची गरज नाही. तरीही वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, नक्कल अर्ज अशा प्रत्येक कागदावर पूर्ण नाव-पत्ता मागितला जातो आणि तो यादीत छापला जाण्याचा धोका असतो. खरे नाव बंद लिफाफ्यात, बाकी सर्वत्र ‘क्ष’ किंवा आद्याक्षर, एवढी पद्धत प्रत्येक नोंदणी विभागाने लेखी ठरवून द्यावी. ही मागणी छोटी दिसते, पण तिच्यावाचून अनेक अपिले मनातच राहतात.

विधी सेवा प्राधिकरणाकडून आम्हाला सर्वाधिक अपेक्षा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांचेही उत्पन्न प्रतिज्ञापत्रावर मान्य करता येते. तरी खिडकीवर आधी तहसीलदाराचा दाखला मागितला जातो आणि त्यात दोन आठवडे जातात. यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज आला, अपील उच्च न्यायालयात करायचे आहे, तर कागद जिल्ह्याकडे आणि तिथून उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे जायला हवेत. या प्रवासाला ठरलेली मुदत नाही. आम्ही सुचवतो: अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत स्कॅन करून वर पाठवावा, सात दिवसांत वकील नेमावा, आणि पंधरा दिवसांत त्या वकिलाने लेखी मत द्यावे की अपिलात तथ्य आहे का. नेमणूक पत्रात मुदतीची शेवटची तारीख ठळक लिहावी. आज ती नसते, आणि प्रकरण हातात आल्यावर वकिलाला ती शोधावी लागते.

सूचनेचे पान कसे असावे हेही लिहून देतो, म्हणजे नमुना ठरवण्यात वेळ जाणार नाही.

‘___ न्यायालय, ___. खटला क्रमांक ___, सीएनआर क्रमांक ___. या खटल्याचा निकाल ___ रोजी लागला. आरोपी ___ यांची ___ या कलमांतून निर्दोष मुक्तता झाली आहे. हा निकाल आपणास मान्य नसल्यास आपण स्वतः अपील करू शकता. त्यासाठी सरकारची किंवा न्यायालयाची अनुमती लागत नाही. अपील ___ येथील ___ न्यायालयात करावे. ते ___ या तारखेच्या आत करावे. निकालाची प्रत सोबत आहे. साक्षी आणि कागदपत्रांच्या नकलेसाठी सोबतचा अर्ज भरून द्या. वकील नसेल तर याच इमारतीतील खोली क्रमांक ___ मध्ये विधी सेवा कार्यालयात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. सरकार अपील करणार आहे की नाही हे आपणास ___ पर्यंत कळवले जाईल. त्या उत्तराची वाट पाहत थांबू नका. मुद्देमाल राखून ठेवायचा असल्यास ___ पूर्वी अर्ज द्या.’

ज्या तारखा भरायच्या त्या लिपिकाने भराव्यात, पीडिताने मोजायला सोडू नयेत. पान मराठीत असावे. पीडित हजर असेल तर हातात, नसेल तर पैरवीच्या पोलिसामार्फत तीन दिवसांत घरी, आणि दोन्ही वेळा मोबाइलवर संदेश. पीडित वारला असेल तर कायदेशीर वारसाला, अल्पवयीन असेल तर पालकाला. पीडिताच्या व्याख्येत दोघेही येतात. पोच रोजनाम्याला, म्हणजे खटल्याच्या तारीखवार नोंदींना, जोडावी. यासाठी लागणारा मोबाइल क्रमांक आणि पत्ता साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलाने नव्याने लिहून घ्यावा, कारण फिर्यादीतला पत्ता निकालापर्यंत बदललेला असतो.

राज्यभर एकदम करणे अवघड वाटत असेल तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांपासून सुरुवात करता येईल. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथली उच्च न्यायालयातली अपिले मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. अपील कुठे करायचे हे तिथल्या लोकांना नव्याने सांगावेच लागणार आहे. त्याच पानावर बाकीच्या ओळीही छापता येतील. सहा महिने हे चालवून पहा, किती सूचना दिल्या, किती पोचा आल्या, किती अपिले मुदतीत दाखल झाली याची नोंद ठेवा, आणि मग उरलेल्या जिल्ह्यांचे परिपत्रक काढा. नमुना, नक्कल अर्ज आणि मुद्देमाल राखण्याच्या अर्जाचा मसुदा तयार करून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू.

आपले विश्वासू,
पीडितांच्या बाजूने फौजदारी अपिले चालवणारे वकील आणि विधी स्वयंसेवक